गुडघाभर बर्फाची खरी गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि त्या गोष्टीलाही तीस वर्षे होऊन गेली. मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या झटकणे, भिशीची वही लिहिणे आणि कार्यक्रमाच्या दिवशी चहाच्या पातेल्यापाशी उभे राहणे. माइकसमोर उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही काश्मीर पाहून आलात, बर्फावर चार शब्द बोला." दोनदा मी नाही म्हटले. तिसऱ्यांदा हो म्हटले त्याला कारण आहे, आणि ते मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे माझी जीभ अडखळेल.

२०२४ च्या रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला तुम्ही मला मधे बसवून विचारले होते, "बर्फ किती होता हो?" आणि मी सांगितले होते, "गुडघाभर!" हात लावून दाखवलाही होता. भगिनींनो, ते खोटे होते.

मोबाईलवर मी पाठवलेला फोटो तुम्हाला आठवत असेल. पांढऱ्याशुभ्र बर्फात आमची सगळी मंडळी बसली आहेत. तो बर्फ या समोरच्या सतरंजीएवढा होता, फार तर दोन सतरंज्यांएवढा. माझ्या थोरलीने जमिनीवर पालथे पडून असा काही फोटो काढला की पाहणाऱ्याला चहूकडे बर्फच आहे असे वाटावे. तुम्ही सगळ्यांनी "वा, छान" लिहिलेत आणि मला ते गोड वाटले. पाच वर्षे भिशीचा पैसा मी त्या प्रवासासाठी साठवला होता, हे तुम्हा सर्वांना ठाऊक. मग परत येऊन "बर्फ नव्हता" असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आता आपल्यातल्या दोघी जणी मुलाबाळांना घेऊन गुलमर्गला जायचे म्हणतात. एकीने मला विचारले, "मुलांना गुडघ्यापर्यंतचे बूट पुरतील, की त्याहून उंच घ्यावेत?" त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी चिटणीसबाईंना मी हो म्हटले.

आता पहिल्यापासून सांगते.

माझे धाकटे दीर श्रीनगरला असतात. आपल्या खानापूर-आटपाडीकडची माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. घरटी एक तरी माणूस बाहेर आहे. जुने सोने मुशीत वितळवायचे, तेजाबाने शुद्ध करायचे, हे काम आपल्या माळावरच्या पोरांनी हातात घेतले ते पाऊस नाही म्हणून. भावजींना तिकडे वीस वर्षे झाली. जाऊबाई तिथेच रुळल्या, दोन्ही मुले तिथलीच. आपल्याकडची आणखीही कुटुंबे श्रीनगरात आहेत, गणपतीसुद्धा बसवतात.

२०२३ साल आपल्याकडे कसे गेले ते आठवा. ऑगस्ट सगळा कोरडा गेला. देशात १९०१ पासून एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता म्हणतात. ऑक्टोबरअखेर सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपला खानापूर तालुकाही होता. टेंभूचे पाणी आल्यापासून आपण थोडे विसरलो होतो, पण जुनी सवय अंगातून जात नाही. ज्वारीचे काही खरे नव्हते. हे म्हणाले, "शेतात बघण्यासारखं काही नाही. चला, या वर्षीच जाऊन येऊ." माझ्या सासूबाईंनाही धाकट्या लेकाचे घर एकदा पाहायचे होते.

डिसेंबरात भावजींचा फोन आला. "वैनी, यंदा बर्फ पडला नाही अजून. पोरं हिरमुसतील. पुढल्या साली या की."

भगिनींनो, इथे मी चुकले. मला वाटले, पाहुणे नको म्हणून हे निमित्त काढले आहे. काश्मिरात आणि बर्फ नाही? कोकणात जाऊन समुद्र नाही म्हणावे तसे हे. मनात म्हटले, हे भावजींचे बोल नव्हेत, मागे जाऊबाई उभ्या असतील. सहा माणसांचा स्वयंपाक कोणाला हवा असतो! मी फोनवरच म्हटले, "भावजी, आम्हाला जड होऊ असं वाटत असेल तर तसं सरळ सांगा." ते गप्पच झाले. मग हळूच म्हणाले, "या वैनी, या. कधी निघताय?" तिकिटे काढली.

तयारीचे वर्णन करत नाही. तुम्हीच केलीत ती. कोणी स्वेटर दिला, कोणी कानटोपी. इथे पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंनी त्यांच्या मुलाचा पायघोळ लोकरी कोट दिला, तो मी आगगाडीत उशाला घेतला. पुण्याहून झेलमने जम्मू, तिथून मोटारीने घाट चढून श्रीनगर. बोगद्यातून बाहेर पडले की पांढरे होईल म्हणून माझा धाकटा काचेला नाक लावून बसला होता. बाहेर पडलो तर ऊन! शेते तांबूस, झाडे निष्पर्ण, आणि डोंगराच्या अगदी शेंड्यावर तांदळाचे पीठ सांडावे तसे थोडे पांढरे.

भावजी स्टँडवर न्यायला आले होते. काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

घरी जाऊबाईंनी काय काय करून ठेवले होते! आमच्यासाठी जाड गाद्या शिवून घेतल्या होत्या, प्रत्येकाला एक कांगडी. कांगडी म्हणजे वेताने विणलेले, आत मातीचे भांडे असलेले शेगडीवजा पात्र. त्यात निखारे घालून ते लोक फेरन नावाच्या ढगळ झग्याच्या आत धरून बसतात. उन्हाळ्यात वांगी, टोमॅटो, दुधी वाळवून ठेवतात आणि हिवाळ्यात त्यांची भाजी करतात. आपण कुरडया-सांडगे करतो तसे हो. सासूबाईंनी वाळलेल्या वांग्याची माळ हातात घेतली आणि म्हणाल्या, "ही बी आपल्यासारखीच माणसं." रात्री नळातले पाणी गोठले आणि सकाळी जाऊबाई नळावर कढत पाणी ओतू लागल्या. थंडी होती, भगिनींनो. थंडी हाडात शिरत होती. नव्हता तो बर्फ. आभाळ स्वच्छ असले की रात्री जास्तच गारठतात, असे भावजी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी गुलमर्गला जायचे ठरले. श्रीनगरपासून ते पन्नासएक किलोमीटर. उंची सुमारे २६५० मीटर. आपले महाबळेश्वर त्याच्या निम्म्याने. दोन गाड्यांतून आम्ही दहा जण निघालो. जाऊबाईंनी पहाटे उठून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली होती, मी घरून नेलेल्या तिळाच्या वड्यांचा स्टीलचा डबा घेतला. गुलमर्गच्या अलीकडे टंगमर्ग म्हणून गाव आहे. तिथे कोट आणि रबरी बूट भाड्याने देणारी दुकाने आहेत. बर्फ असला तर तिथून पुढे चाकांना साखळ्या लावाव्या लागतात. आमच्या गाडीवानाने साखळ्या बाहेर काढल्यासुद्धा नाहीत. दुकानदार दारात उभे होते, पण कोणी बोलावीना. बूट ओळीने टांगलेले, धूळ बसलेली.

गुलमर्गला पोचलो आणि गाडीतून उतरलो. समोर मोठे थोरले मैदान. सगळे पिवळे गवत! आपल्याकडे होळीच्या सुमारास माळ दिसतो ना, तसे. भोवती देवदारांचे काळपट रान, आणि वर अफरवट नावाच्या शिखरावर पांढऱ्या रेघोट्या. माझ्या धाकट्याने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "आई, हेच का?"

तेव्हा माझा तोल गेला. मी भावजींवर उसळले. म्हणजे ओरडले नाही, पण तोंडातून गेले, "एवढं माहीत होतं तर निक्षून सांगायचं होतं!" हे माझ्याकडे पाहतच राहिले. भावजी खाली मान घालून उभे. जाऊबाई तेवढ्या बोलल्या, "आक्का, सांगितलं होतं. तुम्हाला वाटलं, आम्हाला तुम्ही नको आहात."

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आले असते. मी कोटाची बटणे लावत बसले. सगळी लावलेलीच होती.

इतक्यात एक स्लेजवाला आला. स्लेज म्हणजे लाकडी घसरगाडी, तिला दोर बांधून बर्फावरून ओढतात. तो म्हणाला, "बहनजी, बच्चों को घास पर घुमा दूँ?" गवतावरून! आम्हाला हसू आले. पण माझा पाच वर्षांचा पुतण्या टुणकन चढून बसला, मागे माझा धाकटा. त्या माणसाने दोर खांद्यावर घेतला आणि गवतावरून, खडबडत, ती गाडी ओढली. बर्फावर जे काम सोपे, ते गवतावर बैलाचे. घामाघूम झाला बिचारा. पोरे मात्र खिदळत होती. परत आल्यावर मी पैसे दिले आणि विचारले, धंदा कसा आहे? तो म्हणाला, या हिवाळ्यात ही गाडी आज पहिल्यांदा निघाली. तो मोडक्या हिंदीत बोलत होता, मी त्याहून मोडक्या. आपण "तो बर्फ" म्हणतो, हिंदीत "ती बर्फ". त्यामुळे "वह नहीं आई, वह नहीं आई" असे तो सारखा म्हणे, तेव्हा मला वाटे की घरचे कोणी माणूस यायचे राहिले आहे.

सासूबाईंना गुडघ्यांमुळे चालवत नाही. त्या एका दगडावर ऊन खात बसल्या होत्या. त्यांनी मला विचारले, "काय म्हणतोय गं त्यो?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "आगं, ह्यांच्यात दुष्काळ पडलाय की."

भगिनींनो, एवढा वेळ मी तिथे उभी होते, पण हा शब्द मला सुचला नव्हता. मी बर्फ म्हणजे गंमत समजत होते. माझ्या सासूबाईंनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला. हे तेव्हा वर्षाचे होते. त्यांना झोळीत टाकून सासूबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात, आणि सुकडी मिळे ती घरी आणत. बाईने माळ पाहिला आणि ओळखला.

मग भावजींनी बसल्या बसल्या सगळे समजावून सांगितले. तिकडे २१ डिसेंबरपासून ४० दिवसांना चिल्लई कलान म्हणतात. त्यानंतर २० दिवस चिल्लई खुर्द आणि मग १० दिवस चिल्लई बच्चा. पहिल्या चाळीस दिवसांत जो बर्फ पडतो तो घट्ट बसतो, लवकर वितळत नाही. उन्हाळ्यात तो हळूहळू पाझरतो, आणि त्यावर झेलम वाहते, भाताची खाचरे भरतात, सफरचंदाच्या बागा जगतात. उशिरा पडलेला बर्फ लवकर वाहून जातो. म्हणजे आपल्याकडे मृगाचा पाऊस चुकला तर जे होते तेच. डिसेंबर कोरडा गेला होता आणि आता जानेवारीही निम्मा सरला होता. झेलमचे पाणी उतरले होते. बागवाले घाबरले होते की ऊब लागून झाडे अवेळी फुटतील. माझी थोरली म्हणाली, तिकडचा बर्फ आपल्या मोसमी पावसाचा नव्हे, पार भूमध्य समुद्राकडून येणारे वारे तो आणतात, आणि त्या हिवाळ्यात ते वारे नीट आलेच नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, बर्फ पडावा म्हणून लोकांनी खास नमाज पढला.

सासूबाई म्हणाल्या, "आपण पिंड पाण्यात बुडवतो, तसंच."

गुलमर्गच्या मैदानाच्या मधोमध एका टेकाडावर महादेवाचे देऊळ होते, तांबड्या छपराचे. १९१५ साली तिथल्या महाराणींनी बांधलेले. पुढे २०२४ च्या जूनमध्ये ते आगीत जळाले असे ऐकून सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. पण त्या दिवशी ते उभे होते, आणि सासूबाई म्हणाल्या, "मला तिथं न्या." घोडा केला. चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी, नऊवारी लुगड्यावर फेरन, घोड्यावर बसलेली! घोडेवाल्याने त्यांना आईसारखे धरून नेले.

आम्ही मागून चालत गेलो. देवळाच्या अलीकडे, रानाच्या कडेला सावलीत, पोरांना तो बर्फ सापडला. कधीचा कोण जाणे, वर पाचोळा पडलेला, कडा काळवंडलेल्या. पण मधला भाग खरा, पांढरा. माझी पुतणी ओरडली, "शीन! शीन!" काश्मिरीत बर्फाला शीन म्हणतात. पहिला बर्फ पडला की लोक एकमेकांना शीन मुबारक म्हणतात. पोरे त्यावर तुटून पडली. पाचोळा बाजूला केला, मुठी मुठी बर्फ एकमेकांना मारला, तो पुन्हा गोळा करून पुन्हा मारला, कारण दुसरा नव्हता. हे, भावजी, सगळे त्यात. दोघे भाऊ इतके हसताना मी त्यांच्या लग्नांनंतर पाहिले नव्हते. मी जाऊबाईंच्या पाठीत एक गोळा मारला. त्यांनी वळून माझ्या कोटाच्या कॉलरमध्ये मूठभर घातला. तो पाठीवरून खाली उतरत गेला तेव्हा मी जी किंचाळले! त्याच वेळी मी त्यांना म्हटले, "माझं चुकलं गं." त्यांना ऐकू आले की नाही ठाऊक नाही, मी किंचाळत होते ना. पण संध्याकाळी त्यांनी माझ्या डोक्याला तेल लावून दिले.

तिथेच तो फोटो काढला.

माझ्या धाकट्याला बर्फ घरी न्यायचा होता. तिळाच्या वड्या संपल्या होत्या. त्याने डबा बर्फाने दाबून भरला. देवळात पोचेपर्यंत त्याचे निम्मे पाणी झाले. सासूबाई गाभाऱ्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी डबा मागितला, उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "पाणीच की हे." पोराने एकदा माझ्याकडे पाहिले, आणि मग आपणहून डबा आजीच्या हातात दिला. त्यांनी ते पाणी, त्यातल्या उरल्यासुरल्या बर्फासकट, पिंडीवर घातले. काय मागितले ते विचारले नाही. त्यांनी घोडेवाल्याला ठरल्यापेक्षा जास्त पैसे द्यायला लावले, एवढे मात्र खरे.

आम्ही परतलो. पुढे जानेवारी संपता संपता आणि फेब्रुवारीच्या आरंभी तिकडे बर्फ पडला, चाळीस दिवस उलटून गेल्यावर. गुलमर्गला बर्फावरच्या खेळांच्या राष्ट्रीय स्पर्धा व्हायच्या होत्या, त्या पुढे ढकलल्या होत्या, त्या २१ फेब्रुवारीपासून झाल्या. भावजींनी मोबाईलवरून आम्हाला श्रीनगरची पांढरी गल्ली दाखवली. पुतणी आजीला "शीन मुबारक" म्हणाली. सासूबाईंनी विचारले, "त्या गाडीवाल्याला काम लागलं का?" भावजी म्हणाले, लागले असेल. ते त्याला कुठे शोधणार?

तर रथसप्तमीला मी गुडघाभर म्हटले तेव्हा तिथे खरोखरच गुडघाभर बर्फ होता, पण तो मी पाहिला नव्हता, मोबाईलमध्ये पाहिला होता. ही माझी पळवाट मी तेव्हा मनाशी धरून ठेवली होती. ज्यांनी कोट दिला त्या काकूंना मात्र सगळे कळले असणार. कोट परत करताना त्यांनी बाह्या चाचपल्या, आतले अस्तर पाहिले, आणि "कोरडा ठणठणीत आणलास गं" एवढेच म्हणाल्या. त्या कोणाकडे बोलल्या नाहीत. त्यांचे उपकार आहेत.

ज्या दोघी जाणार आहेत त्यांनी जरूर जावे. मुलांचे बूट विकत घेऊ नयेत, टंगमर्गला भाड्याने मिळतात. आणि निघण्यापूर्वी माझ्या जाऊबाईंना फोन करून विचारावे. नंबर मी भिशीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे. बर्फ आहे म्हणाल्या तर आहे, नाही म्हणाल्या तर नाही. आणि "तरी या" म्हणाल्या तर खुशाल त्यांच्या घरी उतरावे, गाद्या आहेत.